सही करण्याआधी कागद कसा वाचावा: सातबारा, साठेखत, जामीन आणि ऊसबिलातले शब्द

सांगली जिल्ह्यात बोजा, जामीन, इसार, उचल, पट्टी हे शब्द शाळकरी पोरांच्याही कानावरून गेलेले असतात. घोटाळा होतो तो कट्ट्यावरचा अर्थ कागदाला लावल्यामुळे. ‘पाहुण्यांना जामीन राहिलो’ असं आपण सहज बोलून जातो आणि पतसंस्थेच्या फॉर्मवर त्याच शब्दाने पाहुण्यांचं सगळं कर्ज आपल्या अंगावर येतं. मी तहसील आवारात दस्त लिहून देतो, त्यामुळे हे नेहमी बघायला मिळतं. खाली शब्दार्थांची यादी दिलेली नाही. कागद हातात आला की कोणत्या क्रमाने काय बघायचं, ते सांगितलं आहे. शब्द वाटेत येतील तसे उलगडत जाऊ.

आधी कागदाची जात ओळखा

व्यवहाराचे कागद ढोबळमानाने तीन जातींचे. काही नुसती नोंद सांगतात: सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावात, हक्कात झालेल्या बदलाची नोंद), बँकेचा खातेउतारा. काही वचन देतात: साठेखत, जामीनपत्र, कर्जाचा करारनामा. आणि काहींनी हक्कच इकडचा तिकडे होतो: खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत.

निम्मी भांडणं एका जातीचा कागद दुसऱ्या जातीचा समजल्यामुळे होतात. ‘सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालक मीच’ हे त्यातलं सगळ्यात जुनं. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यावरून कब्जा आणि सारा कोणाकडे, याचा अंदाज येतो आणि उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरली जाते. पण फेरफार झाल्याने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. मालकी येते ती दस्ताने, वारसाने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने.

मग प्रत्येक जड शब्दापुढे तीन प्रश्न टाका. द्यायचं किंवा करायचं कोणी? कधीपर्यंत? आणि नाही केलं तर काय होणार? ज्या शब्दाची ही तिन्ही उत्तरं कागदातून सापडत नाहीत, तो समजलेला नाही असं धरून चला, मग तो कितीही ओळखीचा वाटो.

सातबारा: वरून खाली

गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकत्र छापतात म्हणून सातबारा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. व्यवहारासाठी तोच आणि ताजाच घ्या. समोरच्याने खिशातून काढलेली झेरॉक्स नको.

सगळ्यात आधी भूधारणा पद्धती बघा. ‘भोगवटादार वर्ग १’ म्हणजे साधारणपणे विकायला मोकळी जमीन. ‘वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. इनाम-वतनाच्या, पुनर्वसनात मिळालेल्या, सरकारने दिलेल्या जमिनी यात येतात. आपल्याकडे वारणा-कोयनेच्या धरणग्रस्तांना दिलेल्या जमिनींच्या बाबतीत हे हमखास तपासावं.

मग क्षेत्र. उताऱ्यावर ०.६१.०० असं लिहिलेलं असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. १०० आरचा एक हेक्टर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा आरपेक्षा किंचित मोठा, १०१.१७ चौरस मीटरचा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे ही ६१ आर जमीन साधारण दीड एकर झाली. त्याखाली पोटखराब्याचं क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं. ते लागवडीला निरुपयोगी म्हणून नोंदलेलं असतं, तेव्हा दर ठरवताना ‘एकूण क्षेत्रावर की लागवडीलायक क्षेत्रावर’ हे आधीच बोलून घ्या.

नावाच्या रकान्यात ‘एकुमॅ’ किंवा ‘ए.कु.क.’ दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. नाव थोरल्याचं असलं तरी जमीन त्याच्या एकट्याची नसते. त्याच्या एकट्याच्या सहीवर घेतलेली जमीन पुढे भाऊ-बहिणींच्या दाव्यात अडकते. बहिणींचं तर विशेष. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीलाही जन्मतः मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. ‘तिने तोंडी सोडलाय हिस्सा’ याला दस्तात किंमत नाही. हक्कसोडपत्र नोंदलेलंच पाहिजे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथे वारस सज्ञान नाही आणि न्यायालयाच्या परवानगीचा विषय निघू शकतो.

‘इतर हक्क’ या रकान्यावर घाईत कुणाची नजर जात नाही आणि गोम बहुतेक तिथेच असते. गावच्या विकास सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता हे सगळं इथे लिहितात. बोजा म्हणजे त्या जमिनीवर कोणाचं तरी येणं आहे. जमीन विकली तरी तो जमिनीबरोबरच जातो. सोसायटीचं पीककर्ज घेताना सभासद जो इकरार लिहून देतो, त्यावरून हा बोजा चढतो. कर्ज फेडलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. संस्थेकडून निल दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्यायचा आणि बोजा कमी करण्याचा अर्ज करायचा. हल्ली तो ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. पाचेक वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहून गेलेले सातबारे गठ्ठ्याने दिसतील.

शेवटी तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ आहे. तिथे ‘नाही’ असलं पाहिजे. फेरफार टाकला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या मधल्या दिवसांत घाईने इसार देणारे पुष्कळ असतात.

इसार, साठेखत, खरेदीखत

इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली आगाऊ रक्कम. इसारपावतीत ‘व्यवहार मोडल्यास इसार कोणाचा’ हे लिहिलेलं नसेल तर ती पावती अर्धीच. साठेखत हा पुढे खरेदी करून देण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये सरळ म्हटलंय की विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. समोरचा फिरला तर ‘करार पूर्ण करून द्या’ असा दावा लावता येतो, त्यालाही तीन वर्षांची मुदत आहे. म्हणून साठेखत करून सात-आठ वर्षं शांत बसणाऱ्याने आपण जमीन घेतली असं मानू नये. मुखत्यारपत्रावर ‘विकत घेतलेल्या’ प्लॉटची गतही तीच. अशा कागदांनी मालकी जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे.

खरेदीखताने मालकी जाते, पण ते नोंदलेलं हवं. १०० रुपये किंवा त्यावर किमतीच्या स्थावराचं खरेदीखत नोंदवणं सक्तीचं आहे, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत ते दुय्यम निबंधकाकडे दाखल करायचं असतं.

आता या सगळ्यात जास्त माणसं बुडवणारा शब्द: मुदत खरेदी. पैशाची नड असते. देणारा म्हणतो, ‘तात्या, बाकी काही नाही, कागदाला कागद म्हणून खरेदीखत करू, दोन वर्षांत पैसे द्या, जमीन फिरवून देतो.’ दस्त साध्या खरेदीखताचा होतो. जमीन परत देण्याची बोली तोंडी राहते, फार तर साध्या स्टँपपेपरवर वेगळी लिहिली जाते. कलम ५८ मध्ये सशर्त विक्रीचं गहाण अशी एक जात आहे खरी, पण परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण धरला जातो. वेगळ्या कागदावरची अट या कामी चालत नाही. तेव्हा नड कितीही असो, गहाण असेल तर दस्तावर ‘गहाणखत’ असंच लिहून घ्या. देणारा त्याला तयार होत नसेल तर त्याचा डोळा व्याजावर नाही, जमिनीवर आहे.

व्यवहार सावकारीचा असेल तर आणखी एक दार उघडं असतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, आणि अवैध सावकारीत घेतलेली जमीन परत देण्याचा आदेश त्यांना करता येतो.

व्याज: दर विचारायचा, पण कसला?

गावात व्याज महिन्याचं बोलतात, कागदावर वर्षाचं लिहितात. ‘शेकडा तीन रुपये’ म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला ३६. पन्नास हजारांवर दीड हजार महिना ऐकायला बरं वाटतं. वर्षाचे ते १८,००० होतात. कागदावरचं ‘द.सा.द.शे.’ म्हणजे दर साल दर शेकडा, वर्षाला शंभरामागे. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही.

दुसरी मेख ‘फ्लॅट’ या शब्दात आहे. एक लाख रुपये, तीन वर्षं, १२ टक्के. फ्लॅट दराने दर वर्षी पूर्ण लाखावर व्याज धरतात, म्हणजे ३६,००० रुपये, जरी तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी. घटत्या शिलकीवर तेच कर्ज असेल तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये बसतो आणि तीन वर्षांचं व्याज सुमारे १९,५७० होतं. दर दोन्हीकडे बाराच. म्हणून ‘किती टक्के’ एवढंच विचारू नका. ‘एकूण परत किती द्यायचे’ हे कागदावर आकड्यात लिहून मागा. गाडी-टीव्हीच्या हप्त्यांना हे फार उपयोगी पडतं.

‘नवंजुनं’ हा शब्द मार्चअखेरीस सोसायटीच्या दारात चालतो. हातउसने घेऊन जुनं पीककर्ज भरायचं आणि चार-आठ दिवसांत नवं उचलून हातउसने फेडायचे. खातं नियमित दिसतं, व्याज सवलत टिकते. मुद्दल मात्र एक रुपयाने कमी होत नाही आणि हातउसन्याचं व्याज खिशातून जातं. करू नका म्हणणार नाही, सवलत मिळवायला कित्येकांपुढे दुसरा मार्ग नसतो; पण त्याला फेड म्हणू नका.

जामीनदार

पतसंस्थेच्या फॉर्मवर बारीक अक्षरात एक वाक्य असतं: ‘आम्ही कर्जदार व जामीनदार संयुक्तिक व वैयक्तिकरित्या जबाबदार राहू.’ तीन प्रश्न लावा. द्यायचं कोणी? प्रत्येकाने, पूर्ण. संयुक्तिक म्हणजे सगळे मिळून आणि वैयक्तिक म्हणजे कुणाही एकट्याकडून सगळी रक्कम. दोन जामीनदार असले म्हणून संस्थेपुरती प्रत्येकाची जबाबदारी निम्मी होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असं म्हणण्याचा हक्क नाही.

नाही दिलं तर काय? सहकारी संस्था दिवाणी दाव्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीला येतो. नोकरदार जामीनदाराने कलम ४९ चं कपातीचं पत्र लिहून दिलेलं असेल तर हप्ता थेट पगारातून कापला जातो. म्हणूनच शिक्षक, एसटीतले, झेडपीतले लोक जामिनाला हवे असतात.

एक मावशी विचारत होत्या, ‘दादा, ह्यांनी नुसती सही केलीय, पैसं तर घेतलंच न्हाईत, मग नोटीस आमच्या नावावर कशी?’ याचं उत्तर वरच्या एका वाक्यात आहे, आणि ते सही करताना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

पण जामीनदाराचेही हक्क आहेत, ते फारसे कुणी सांगत नाही. तुम्ही पैसे भरलेत तर तेवढ्यापुरते तुम्ही संस्थेच्या जागी येता: कर्जदाराचं तारण, कागद यांवर तुमचा अधिकार आणि भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क. सहजामीनदाराकडून त्याचा वाटाही मागता येतो. तुमच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या तर तुमची सुटका होऊ शकते. म्हणून कलम १०१ च्या सुनावणीची नोटीस आली की घरात दडवून ठेवू नका. हजर राहा, कर्जाचा पूर्ण खातेउतारा मागा, कर्जाचं पुनर्गठन झालं असेल, म्हणजे मुदत-हप्ते नव्याने बांधून दिले असतील, तर त्यावर तुमची सही आहे का बघा. आणि कॅश क्रेडिटला, म्हणजे मर्यादेत पुन्हापुन्हा उचल करता येणाऱ्या कर्जखात्याला, ‘चालू जामीन’ असाल तर पुढच्या उचलीपुरता जामीन मागे घेत असल्याची लेखी नोटीस संस्थेला देता येते. आधी उचललेल्या रकमेतून मात्र सुटका नाही.

‘एनपीए’ म्हणजे थकीत होऊन उत्पन्न न देणारं कर्ज. मुदतकर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं त्यात जातं. पीककर्जाला हंगामाचा हिशोब लागतो. त्यानंतर बँक सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. शेतजमिनीला तो कायदा लागत नाही; घराला, दुकानगाळ्याला लागतो. सहकारी बँकांनाही तो वापरता येतो, हे मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं, तेही शेजारच्या कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या एका बँकेच्या प्रकरणात.

ऊसबिल आणि पट्टी

एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. हा हमीभावासारखा नाही. हमीभावापेक्षा कमी दराने व्यापाऱ्याने सोयाबीन घेतलं तर त्या दराची सक्ती त्याच्यावर सहसा करता येत नाही. एफआरपी मात्र ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ खाली कारखान्याला द्यावीच लागते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये असा दर आहे. आता हिशोब करा. उतारा १२.२५ धरला तर २० टप्पे वाढले, त्याचे ६९.२० रुपये. क्विंटलला ४२४.२० आणि टनाला ४,२४२ रुपये. हा दर कारखान्याच्या गेटवरचा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा ती टनाला ९०० असेल तर हातात ३,३४२. वर्तमानपत्रातला आकडा आणि बिलातला आकडा जुळत नाही तो या वजावटीमुळे, म्हणून बिलात ती किती धरलीय हे बघा.

कधीपर्यंत? ऊस घातल्यापासून १४ दिवसांत. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ४० टनांचं वरच्या दराने १,३३,६८० रुपयांचं बिल १४ दिवसांच्या पुढे आणखी ६० दिवस रखडलं तर व्याज सुमारे ३,२९६ रुपये होतं. कारखाने ते आपणहून देत नाहीत, शेतकरी मागत नाहीत. साखर आयुक्त थकलेल्या रकमेसाठी वसुली प्रमाणपत्र काढतात, त्यालाच बातम्यांत आरआरसी म्हणतात; मग जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.

‘पहिली उचल’ म्हणजे हंगामात कारखान्याने जाहीर केलेला पहिला हप्ता. तो एफआरपीएवढा असेल तर ‘एकरकमी’, कमी असेल तर ‘तुकडे’.

बाजार समितीतली उचल वेगळी. ती अडत्याने पुढच्या मालावर दिलेली आगाऊ रक्कम असते आणि तिच्या बदल्यात माल त्याच्याच दुकानी घालावा लागतो. सांगलीला हळद किंवा तासगावला बेदाणा घातल्यावर हातात येते ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब. वर वजन गुणिले दर, खाली हमाली, तोलाई, अडत, बारदान, उचल आणि तिचं व्याज. सौद्याच्या वेळच्या पावतीवरचं वजन आणि दर पट्टीशी ताडून बघा. बेदाण्याला उधळण हा खास प्रकार आहे. सौद्यात बॉक्स फोडून माल दाखवताना मुठीमुठीने जो बेदाणा उधळला जातो, तो शेतकऱ्याच्या वजनातूनच जातो. पट्टीवर ‘उधळण’ अशी ओळ नसते, म्हणून वजन उधळणीच्या आधीचं की नंतरचं, हे विचारायचं. पैशाची तारीखही पट्टीवर लिहून घ्या, ‘देऊ की आण्णा’ याला तारीख नसते.

ठेव आणि भाग

ठेव म्हणजे तुम्ही संस्थेला दिलेलं कर्ज, भाग म्हणजे संस्थेतली मालकी. संस्था बुडाली तर ठेवीदाराचा नंबर आधी, भागधारकाचा शेवटी. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ४ फेब्रुवारी २०२० पासून व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा आहे. तो एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून माणशी धरतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. अर्धा-एक टक्का व्याज जास्त का मिळतं, याचं उत्तर त्यातच आलं. ‘अवसायक’ नेमला म्हणजे संस्था गुंडाळायला घेतली. ‘प्रशासक’ नेमला म्हणजे संचालक मंडळ बाजूला झालं, संस्था अजून चालू आहे. दोन्हींत फार फरक आहे आणि ठेवीदार घाबरून दोन्हीला एकाच रांगेत उभे राहतात.

जाता जाता बातम्यांतले दोन शब्द. महागाईचा दर सहावरून चारवर आला म्हणजे भाव उतरले असं नाही. भाव वाढतच आहेत, वाढण्याचा वेग कमी झाला. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो दर. तो घटला की ज्यांचं गृहकर्ज रेपोशी जोडलेलं आहे त्यांचा हप्ता किंवा मुदत कमी होते. पतसंस्थेच्या कर्जाशी त्याचा थेट संबंध नाही.

नेमका अर्थ कुठे शोधायचा

कायद्याचा शब्द साध्या शब्दकोशात बघू नका. जवळजवळ प्रत्येक अधिनियमात सुरुवातीला, बहुधा कलम २ मध्ये, व्याख्या असतात. तिथे ‘म्हणजे’ असेल तर यादी बंद, त्याबाहेरचं काही धरायचं नाही. ‘यात समावेश होतो’ असेल तर यादी उघडी, साधा अर्थ अधिक लिहिलेल्या गोष्टी. एकाच शब्दाची व्याख्या दोन कायद्यांत वेगळी असू शकते. ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ जमिनीच्या कमाल धारणेच्या कायद्यात एक आणि रेशनकार्डावर दुसराच. केंद्राचे आणि राज्याचे अधिनियम इंडिया कोडच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि मराठी प्रतिशब्द अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत.

जमीन घेताना दुय्यम निबंधकाकडे त्या गटाचा मागचा तीस वर्षांचा शोध घ्यायचा. तिथे मिळणारी ‘सूची क्रमांक दोन’ म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा: कोणी, कोणाला, कोणता गट, किती किमतीला, कोणत्या तारखेला. सातबाऱ्यावर अजून न आलेलं साठेखत किंवा गहाणखत नोंदलेलं असेल तर तिथे सापडतं. शोध नावाने नाही, गट नंबराने घ्या. नावाच्या स्पेलिंगमध्ये निम्मे दस्त हरवतात.